आधीच्याचा कॉम्प्युटर

१

"परत गेला रे!" बायको आतल्या खोलीतून ओरडली.

रविवारची दुपार. जेवणं झाली होती आणि तो नुकताच पेपर तोंडावर घेऊन आडवा झाला होता. काय गेलं हे विचारायची गरज नव्हती. कॉम्प्युटर. निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, मग आपोआप बंद, मग आपोआप चालू. आठवडाभर हेच रडगाणं. ती घरी बसून भरतकामाच्या यंत्रांसाठी नमुने काढून द्यायची. फुलं, वेली, पोरांच्या फ्रॉकवरची बदकं. अर्धं बदक झालं की निळा पडदा, आणि पुन्हा चोचीपासून सुरुवात.

"जगाचे कॉम्प्युटर बरे करतोस आणि घरचा मरायला टेकलाय," ती दारात येऊन म्हणाली. "उठा, वैद्यबुवा."

वैद्य हे त्याचं दुकानातलं नाव. दुरुस्तीला आलेल्या खोक्यावर हात ठेवून, नुसता पंख्याचा आवाज ऐकून तो आजार सांगायचा, म्हणून सगळे त्याला वैद्य म्हणत. दिवसभर लोकांची मशिनं उघडायचा, पण या एका मशिनाला हात लावायचं त्याच्या जिवावर यायचं. आळस म्हणाल तर तसं नाही. हा कॉम्प्युटर त्याचा नव्हताच. आधीच्याचा होता.

आधीचा म्हणजे बायकोचा पहिला नवरा. ग्रंथपाल होता. खोकल्याचं निमित्त झालं आणि गेला. मोठा हौशी माणूस, एकेक भाग जमवून त्याने हा कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. दुसरं लग्न करून ती या घरात आली ती दोन बॅगा, एक आरसा आणि हे धूड घेऊन. आरशाचं वैद्याला काही वाटलं नाही.

आता मेलेल्या माणसावर जळायचं म्हणजे काय, हे ज्याने भोगलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. जिवंत असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं, निदान त्याच्या सुटलेल्या पोटाला हसता आलं असतं. मेलेल्याचं पोटही सुटत नाही. तो ओला टॉवेल गादीवर टाकत नाही, वाढदिवस विसरत नाही. कपाटात कपड्यांच्या मागे त्याचा फ्रेम केलेला फोटो होता, मिशीवाला, हसरा. बायको त्याच्याबद्दल अवाक्षर काढायची नाही, आणि वैद्याला तेच जास्त झोंबायचं.

पण सगळ्यात जास्त झोंबायची ती थाप. कॉम्प्युटर चालू करायच्या आधी ती खोक्याच्या अंगावर दोन हलक्या थापा मारायची. झोपलेल्या माणसाला 'ऊठ रे' म्हणावं तशा. तिचं तिला कळतही नसेल. त्याला मात्र त्या थापा शेजारच्या खोलीतूनसुद्धा ऐकू यायच्या. वैद्याला ती उठवायची गजर लावून.

"नवा घेऊ या ना," तो उठता उठता म्हणाला.

"हा चालतोय तोवर हाच."

"अगं, पण चालतोय कुठे?"

"म्हणून तर तुला उठवलं."

२

पेचकस घेऊन तो टेबलाखाली बसला आणि खोक्याची बाजू उघडली. धूळ होती, पण आतलं काम नीटनेटकं. इतकं नीटनेटकं की त्याला रागच आला. सगळ्या तारा एका बाजूला घेऊन बांधल्या होत्या, आणि बांधल्या होत्या कशाने, तर केसांच्या हिरव्या रिबिनीने. रिबीन कोणाची ते वेगळं सांगायला नको.

ती सोडून फेकून द्यावी असं मनात आलं. पण बायको बाजूलाच उभी होती.

"काय झालंय?"

"रॅम असणार." त्याने दोन्ही पट्ट्या बोटाने दाखवल्या. "रॅम म्हणजे याचं कामाचं टेबल समज. काम चाललंय तोवर सगळं टेबलावर पसरायचं. वीज गेली की टेबल साफ."

"काहीच राहत नाही?"

"काहीही नाही. जपून ठेवायचं ते सगळं डिस्कमध्ये. इथे काही राहत नाही." आणि हे सांगताना त्याला उगाचच बरं वाटलं.

मग त्याने रीतसर तपासणी सुरू केली. एक पट्टी काढायची, दुसऱ्या पट्टीवर चाचणी चालवायची. पहिली पट्टी स्वच्छ निघाली. दुसरी लावली तशा पडद्यावर चुका दाखवणाऱ्या लाल ओळी यायला लागल्या. पुन्हा चालवली, त्याच ओळी, त्याच जागी. पट्टी शेजारच्या खाचेत लावून बघितली, तर लाल ओळी तिच्यामागोमाग तिथेही आल्या. दोष पट्टीबरोबर फिरला की दोष पट्टीत, हा त्यांच्या धंद्यातला साधा नियम. खाच निर्दोष, पट्टी खराब.

पण पट्टी फेकण्याआधी दुरुस्तीवाले एक गोष्ट हमखास करतात. पट्टीच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, ती खोडरबराने घासतात. पुष्कळदा नुसता मळ असतो, घासला की पट्टी सुरळीत चालते. त्याच्या खिशात खोडरबर असायचंच. त्याने घासायला सुरुवात केली. करडा चुरा टेबलावर पडायला लागला.

बायको स्वयंपाकघरात भांडी घासत गुणगुणत होती. कायमचंच गाणं, ते कोणी शिकवलं असणार याचा अंदाज त्याने कधीच बांधला होता. आणि ओळीच्या मध्येच ते थांबलं. नळ चालू होता. तो ऐकत राहिला. नळ चालूच होता.

"अरे, पुढे काय आहे रे?" तिने तिथूनच विचारलं.

"कशाच्या पुढे?"

"गाण्याच्या. जिभेवर आहे नुसतं."

"मला काय माहीत? तुझं गाणं."

नळ बंद झाला. त्याने पट्टी पुन्हा लावून चाचणी चालवली. लाल ओळी होत्या, पण निम्म्याच. बायको हात पुसत आली, टेबलावरचा करडा चुरा तिने तळहाताने गोळा केला, आणि वाकून उघड्या खोक्यात पाहिलं.

"अय्या! ही अजून आहे?" ती हसायला लागली. "भर दुकानात माझी वेणी सोडून रिबीन काढून घेतली होतीस! मी मोकळ्या केसांनी घरी आले. आई काय काय बोलली होती."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मी?"

"नाही, शेजारचे काका," ती म्हणाली आणि चुरा केराच्या डब्यात टाकायला निघून गेली.

३

माणूस चुकतो बोलताना. दोन लग्नं, दोन संसार, दोन्हीकडे कॉम्प्युटर. जिभेने केली गफलत, त्यात काय एवढं? असं त्याने स्वतःला समजावलं, आणि ते त्याला पटलंही. फक्त एक गोष्ट त्याने केली नाही. तिची चूक दुरुस्त केली नाही.

करावीशीच वाटली नाही. खरं सांगायचं तर त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. कामावर जाताना तो रस्त्याने एकटाच हसला. त्याने म्हणे भर दुकानात तिची वेणी सोडली होती! त्याच्यात कसली एवढी धमक? लग्न ठरल्यावर तिचा हात धरायलाही त्याने बरेच दिवस लावले होते.

पुढच्या सुटीला कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. त्याने पुन्हा पट्टी काढली, पुन्हा घासली. लाल ओळी आणखी कमी झाल्या. संध्याकाळी बायको त्याच्या ताटात वाढता वाढता म्हणाली, "त्या तळ्यावर परत जाऊ या का रे? तू वल्हं पाण्यात घालवलं होतंस ते?"

"कधी?"

"कधी काय! बोट मध्यावर, वल्हं वाहून गेलेलं आणि तू चपलेने पाणी मारतोयस. हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं."

तो आयुष्यात बोटीत बसला नव्हता. त्याला पाण्याची भीती वाटायची.

"हो," तो म्हणाला. "चपलेने. आठवतंय की."

तिने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आजवर कधी पाहिलं नव्हतं. ती नजर कोणासाठी राखून ठेवलेली होती हे त्याला ठाऊक होतं, आणि आता ती त्याला मिळाली होती. त्याने सुखाने आणखी एक पोळी मागून घेतली.

अंथरुणावर पडल्यावर मात्र डोकं आपलं काम करायला लागलं. रॅममध्ये काही राहत नाही. वीज गेली की सगळं कोरं. आणि राहत असतं तरी मशिनाची मेमरी वेगळी, बाईचं डोकं वेगळं. त्याने जगभरच्या पट्ट्या घासल्या होत्या, कोणाच्या घरी काही झालं नव्हतं. हे सगळं त्याला पटत होतं. तरीही पट्टीत अजून काही लाल ओळी शिल्लक आहेत, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

४

बायको बाजारात गेली होती. कॉम्प्युटर उत्तम चालला होता, त्याला हात लावायचं काहीएक कारण नव्हतं. वैद्याने दार लावून घेतलं, खोकं उघडलं आणि ती पट्टी बाहेर काढली.

आणि घासली. पहिल्यांदा घासली होती ती दुरुस्ती म्हणून. आता तो सूड उगवल्यासारखा घासत होता. त्या मिशीला, त्या रिबिनीला, त्या गाण्याला, सगळ्याला. सगळं दे इकडे, असं तो दात खाऊन पुटपुटत होता, आणि आपण बोलतोय हे त्याला कळलं नाही. खोडरबर झिजून नखाएवढं उरलं. सोनेरी दात फिके पडले.

चाचणी चालवली. एकही लाल ओळ नाही. त्याने पुन्हा चालवली. पडदा स्वच्छ.

बायको आली, पिशव्या ठेवल्या, कपडे बदलायला कपाट उघडलं. तो दारात जाऊन उभा राहिला. तिच्या हातात आधीच्याचा फोटो होता.

"मिशी का काढलीस रे?" ती म्हणाली. "किती छान दिसायची तुला."

त्याने पुढे होऊन फोटो पाहिला. आधीचाच होता. तेच कपाळ, तेच रुंद नाक. वैद्याशी कणभर साम्य नव्हतं. पण ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि फोटोकडे बघत होती, आणि तिला दोन्हींत काही फरक दिसत नव्हता.

"ठेवीन पुन्हा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून खोक्यावरच्या थापा बंद झाल्या. बटण दाबायची आणि कामाला लागायची. जिंकलो, असं त्याला वाटलं. आता त्या थापा आपल्याकडे येतील, अशी त्याची समजूत. सकाळी जाग आली तरी तो डोळे मिटून पडून राहायचा, खांदा जरा बाहेर काढून. उठवायचा मात्र गजरच.

५

बायकोची मोठी बहीण, ताई, आली ती चहाला. बायको रंगात आली होती. तळं, बोट, चपला, सगळं साभिनय सांगून झालं, आणि वैद्यानेही 'आठवतंय की' म्हणत मान डोलावली. ताईचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. बायको कप विसळायला उठली तशी ताईने वैद्याला गॅलरीत बोलावलं.

"त्या बोटीत मी होते," ताई हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही नव्हतात. तुम्ही तर तेव्हा आमच्या ओळखीतही नव्हतात."

"हो, मला माहीत आहे."

"मग 'आठवतंय की' काय म्हणताय? काय चाललंय तुमचं? मी तिला त्याचं नाव घेऊन विचारलं, तर 'कोण गं?' म्हणते मला. कोण गं! त्याच्या उशाशी बसून काढलेत तिने दिवस."

"ताई, तिला तसं वाटतंय तर वाटू दे ना. ती खूश आहे. कोणाचं काय जातंय?"

ताईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सगळं घेणार का तुम्ही त्याचं?" तिने विचारलं. "सगळं?"

त्याला त्या बोलण्याचा राग आला. ताई गेल्यावरही तो धुसफुसत होता. ही कोण सांगणारी? तेवढ्यात बायको गरम पाण्याचा पेला घेऊन आली आणि त्याच्यासमोर धरून उभी राहिली.

"घे. घोट घोट घे. खोकला कमी होईल."

"मला कुठे खोकला झालाय?"

"काल झोपू दिलं नाहीस मला," ती प्रेमाने म्हणाली. "लायब्ररीतली ती धूळ. किती वेळा सांगितलं, तोंडाला रुमाल बांध."

पेला त्याने हातात घेतला, पण पाणी प्यायला नाही.

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. रिबीन आधीची, बोट नंतरची, फोटो त्याच्याही नंतरचा. सगळं ओळीने येत होतं. हावरटासारखं त्याने सगळं ओढून घेतलं होतं, आणि या ओळीच्या शेवटी काय आहे ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

६

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून कोरी करकरीत पट्टी आणली. आधीच्याची पट्टी काढून बाजूला ठेवली, नवी लावली, चाचणी चालवली. लाल ओळी. त्याच, त्याच जागी. तरी त्याने दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल केली, खाचा बदलल्या, पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. जुनी पट्टी स्वच्छ. नवी स्वच्छ नाही. दोष आता पट्टीबरोबर फिरत नव्हता. कशाबरोबर फिरत होता, हे त्याच्या धंद्यात कोणी शिकवलं नव्हतं.

मग त्याने स्वयंपाकघरात जाऊन केराचा डबा जमिनीवर उपडा केला. चहाची पूड, कांद्याची सालं. तो गुडघ्यांवर बसून खोडरबराचा करडा चुरा शोधत होता. सापडला तर त्याचं काय करणार होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. चुरा नव्हताच. केर कधीच गेला होता. वाकून वाकून त्याला ठसका लागला. ठसका थांबेना. भिंतीला धरून तो उभा राहिला. धुळीने होतं असं, त्याने स्वतःला सांगितलं. दिवसभर धुळीतच तर काम.

त्याने ताईला फोन लावला. आता तीच एक उरली होती.

"ताई, तुमचं बरोबर होतं. तिला सांगा. मी त्या बोटीत नव्हतो म्हणून सांगा. माझं ऐकत नाही ती."

पलीकडून ताईचा आवाज आला, मऊ, काळजीचा.

"असं काय बोलताय? तुम्हीच तर होतात. मी समोर बसले होते तुमच्या. तेव्हाही खोकत होतात, आठवतं? पाण्याच्या गारव्याने असेल म्हणालात." आणि मग, "खूप त्रास होतोय का?"

त्याने फोन ठेवला. पाचावर धारण बसणं म्हणतात ते काय, हे त्याला त्या वेळी कळलं. आतल्या खोलीत बायको बॅग भरत होती. त्याचा टॉवेल, दात घासायचा ब्रश, पायमोजे.

"उद्या दवाखान्यात जायचंय ना," ती मागे न बघता म्हणाली. "घाबरू नकोस. मी बसते तुझ्या उशाशी."

सकाळी ती उठायच्या आत तो घराबाहेर पडला. एका अनोळखी डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने छाती ऐकली, पाठ ऐकली, छातीचा एक्स-रे काढला, आणि सांगितलं की तुम्हाला काहीही झालेलं नाही. वैद्याने ते कागदावर लिहून मागितलं. डॉक्टर हसला, पण लिहून दिलं.

७

संध्याकाळी डॉक्टरचा तो कागद घेऊन तो घरी आला. दाराला कुलूप नव्हतं. दारात ताईच्या चपला होत्या. त्याच्या चपलांची जागा पुसून स्वच्छ केलेली होती, आणि तिथे एक कुंडी ठेवली होती.

"हे बघ!" तो दारातूनच म्हणाला. "काही झालेलं नाही मला. लिहून दिलंय."

कोणी वर पाहिलं नाही. बायको कॉम्प्युटरसमोर बसली होती, ताई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. टेबलावर, पडद्याच्या शेजारी, कपाटातली ती फ्रेम आणून ठेवली होती. दारातून त्याला तिची फक्त मागची बाजू दिसत होती. तपकिरी पुठ्ठा आणि टेकू. पुढे जाऊन बघायला चार पावलंही लागली नसती. तो गेला नाही.

"ताई," तो म्हणाला.

ताईने मान वळवली. त्याच्या दिशेने. मग ती येऊन त्याच्या अगदी जवळून गेली आणि तिने उघडं दार लावून घेतलं.

"किती वारा येतोय," ती म्हणाली.

"आपोआप बंद पडतो गं," बायको बोलत होती. तिचा आवाज रडून बसला होता. "तो होता तेव्हा बघायचा. आता कोणाला दाखवू?"

"त्याच्या दुकानातलं कोणीतरी येऊन बघून जाईल. बोलावून घे."

"नवा घे म्हणतील."

"मग घे ना नवा."

"हा चालतोय तोवर हाच," बायको म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, त्या क्षणी तो भीतीने गारठला असेल. भीती नंतर आली. सगळ्यात आधी आला तो जुनाच मत्सर. दुकानातला कोण येणार? कोण या टेबलाखाली बसणार, ती बाजूला उभी असताना? त्याला एकेकाचे चेहरे दिसले. सगळ्यांच्या खिशात खोडरबर असतं.

"नको," तो ओरडला. "कोणाला बोलावू नकोस! मी बघतो. मी आहे ना!" आणि ओरडता ओरडता त्याला खोकला आला.

बायकोने डोळे पुसले. कॉम्प्युटर बंद होता. बटणाकडे गेलेला तिचा हात मध्येच थांबला. मग तिने खोक्याच्या अंगावर हलकेच दोन थापा मारल्या.

त्या त्याच्या खांद्यावर पडल्या.